शटर उघडं असताना

लोकल फलाटाला लागताना दिसली की कॅमेरा हातात असलेल्याचं सगळं लक्ष गाडीकडे जातं. ते साहजिक आहे, पण लाँग एक्स्पोजरच्या, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेल्या फोटोत पहिली चूक तिथेच होते. शटर दहा सेकंद उघडं राहणार असेल तर गाडी फोटोत राहणारच नाही. तिच्या खिडक्यांच्या उजेडाचा एक पट्टा राहील, दिव्यांच्या रेघा राहतील, बस. नीट दिसणार ते खांब, बाकडं, पिवळी पट्टी आणि खांबाला टेकून उभा असलेला एखादा माणूस. म्हणून दहा सेकंद जागचं कोण हलणार नाही हे आधी हेरायचं, चौकट त्याच्याभोवती बांधायची आणि मग गाडीची वाट बघायची. समुद्राचंही हेच. सेकंद मोजायचे लाटेचे, पण फोटो खडकाचा असतो.

ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रान्सच्या लुई दागेरने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. रस्ता वाहता होता, पण प्लेटला काही मिनिटं उजेड द्यावा लागला आणि तेवढ्या वेळात चालती माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं. उरला तो बुटाला पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. मुंबईच्या स्टेशनांवर बूटपॉलिशवाले आजही बसतात आणि फोटो आजही तसाच येतो. दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्या. लाकडी पेटीवर ठेवलेला बूट टोकापर्यंत स्पष्ट दिसतो, नाडीची गाठसुद्धा मोजता येते. ब्रशचा हात मात्र वाफेसारखा होतो, आणि आजूबाजूने जाणाऱ्या पायांचा नुसता राखाडी ओघ उरतो. कुठल्याही महागड्या लेन्सने हे साधत नाही. बसलेला माणूस आणि योग्य सेकंद एवढंच लागतं.

योग्य सेकंद म्हणजे किती, हा खरा प्रश्न. माणूस नेहमीच्या चालीने चालला तरी सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जातो. एक अष्टमांश सेकंदात तो वीतभर सरकतो, म्हणजे कपड्यांच्या कडा विरघळतात पण माणूस माणूसच राहतो. अर्ध्या सेकंदात टेकलेला पाय दिसतो आणि धड विरतं. दोन सेकंदांत झुळूक उरते, दहा सेकंदांत काहीच नाही. गर्दीचा फोटो हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पाव ते अर्धा सेकंद. दादरच्या पुलावरची संध्याकाळच्या गर्दीला तीस सेकंद दिले तर पूल रिकामा दिसतो, आणि रिकामा दादर हा खोटा फोटो आहे.

यात आणखी एक नियम काम करतो. सेन्सरवर उजेड साठतो, अंधार साठत नाही. त्यामुळे काळ्या शर्टातला माणूस उजळ लादीवरून चालत गेला तर मागे काहीच ठेवत नाही, पण पांढऱ्या शर्टातला माणूस काळोख्या बोगद्यापुढून गेला तर फिकट रेघ सोडून जातो. डबेवाल्याची पांढरी टोपी, हातातल्या मोबाइलचा पडदा, स्टीलचा डबा यांच्या रेघा उठतात. मोबाइल बघत उभ्या असलेल्याचा चेहरा तर त्या पडद्याच्याच उजेडाने रंगतो. आठ सेकंद तो मान न हलवता बघत असेल तर डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत चेहरा येतो, आणि आजकाल तो मान हलवत नाहीच.

फलाटावरच्या इतर वस्तूही आपापल्या तऱ्हेने वागतात. पंखा गोल चकती होतो. इंडिकेटर मराठी, हिंदी, इंग्रजी असा पाळीपाळीने बदलतो, त्यामुळे दहा सेकंदांत तिन्ही भाषा एकावर एक चढून अक्षरांचा लाल गोळा होतो; गाव वाचता यावं असं वाटत असेल तर एक पाटी बदलण्याच्या आत, दोन-तीन सेकंदांत, शटर बंद झालं पाहिजे. झोपलेलं कुत्रं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, फक्त कान तेवढा पुसट, कारण माश्या. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं स्टेशनचं नाव मात्र कितीही वेळ दिला तरी ठाम असतं, म्हणून त्याला चौकटीच्या एका कडेला जागा द्यायला मी कधीच ना म्हणणार नाही.

आता उजेडाचा हिशेब. रात्रीचा फलाट आपल्याला वाटतो तितका अंधारा नसतो. एलईडी दिवे आल्यापासून तर नाहीच. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवलं, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद कमी आणि लेन्सचं भोक लहान केलं, तरी एका सेकंदाच्या आसपास एक्स्पोजर पुरं होतं. आठ सेकंद हवे असतील तर उजेड अडवणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावावा लागतो, कारण एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. बरेच जण फिल्टर टाळण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करतात. ते करू नये. एवढ्या बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो आणि सगळा फोटो मऊ पडतो. वर सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन बसतो. एफ/८ किंवा एफ/११ वर थांबावं आणि बाकीचं काम फिल्टरवर सोपवावं.

गाडीचा हिशेब वेगळा. लोकलचा डबा साधारण एकवीस मीटरचा, म्हणजे बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटर. फास्ट गाडी न थांबता ताशी ५० किलोमीटरने फलाटावरून गेली तर सेकंदाला चौदा मीटर, म्हणजे डोकं दिसल्यापासून शेपूट जाईपर्यंत अठरा सेकंद. पंधरा डब्यांची असेल तर तेवीस. कॅमेरा रुळांना काटकोनात धरला असेल तर पट्टा काढायला एवढे सेकंद लागतही नाहीत. एक अष्टमांश सेकंदात गाडी पावणेदोन मीटर सरकते, तेवढ्यात दार आणि खिडकी एकमेकांत मिसळतात. पण तेव्हा पट्टा खरबरीत दिसतो, उजेड-काळोखाचे ठोके त्यात राहतात. दोन सेकंदांपुढे तो रेशमासारखा सलग होतो. मला पहिला आवडतो. त्यात दारात लटकलेल्या माणसांचे आकार असतात, आणि गाडी ही माणसांची आहे हे कळतं.

फलाटावर थांबणाऱ्या गाडीत मात्र फसगत होते. गाडी फलाटाला लागल्यापासून उभी राहीपर्यंत वीस-तीस सेकंद जातात आणि वेग सतत उतरत असतो. शटर सुरुवातीला उघडून गाडी थांबल्यावर बंद केलं तर आधी पडलेल्या पट्ट्यावर उभ्या गाडीचं चित्र चढतं: आरपार दिसणारे डबे, अर्धवट दारं, त्यातून दिसणारा पलीकडचा फलाट. कधी कधी हे सुंदर दिसतं, पण तसं हवं असेल तर जाणूनबुजून करावं. शुद्ध पट्टा हवा तर गाडी पूर्ण थांबण्याच्या निदान पाच सेकंद आधी शटर बंद व्हायला हवं. उलट सुटणारी गाडी सोपी. ती हळू निघते, वेग धरते आणि शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा फोटोत एक बारीक रेघ ओढून जातो. समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट चौकटीत आला की सगळं पांढरं करून टाकतो. त्यासाठी वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहावं, म्हणजे झोत बाहेरच्या बाजूला जातो.

कॅमेरा हलणं हे सगळ्यात मोठं दुखणं. पुलावरून खाली धावणाऱ्या गाड्यांचा फोटो सुचतो सगळ्यांनाच, पण लोखंडी पादचारी पूल गाडीने हलतो आणि त्याहून जास्त माणसांच्या चालण्याने हलतो. हाताला जाणवत नाही, फोटोत जाणवतं: स्थिर दिव्यांना बारीक शेपट्या फुटतात. ट्रायपॉड पुलाच्या मधोमध न लावता जिथे पूल खांबावर टेकतो तिथे लावला की हे निम्म्याने कमी होतं. मधली दांडी वर काढू नये. ट्रायपॉडला बॅग लटकवायचा सल्ला सर्रास दिला जातो. वाऱ्यात ती बॅग झोके घेते आणि उपायच अपाय होतो. बॅग खाली जमिनीला टेकलेली असावी आणि पट्टा फक्त ताणलेला. कॅमेऱ्याचा गळपट्टा काढून ठेवावा. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरसा आधी वर उचलून दोन सेकंदांनी शटर उघडेल असं ठेवावं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरा सावरणारी सोय, बंद करावं, कारण काही लेन्स ट्रायपॉडवर नसलेला हादरा शोधत स्वतःच हलत राहतात.

ट्रायपॉड नसेल तर तांदूळ. अर्धा-पाऊण किलो तांदूळ जाड कापडाच्या पिशवीत सैल भरावेत, तोंड शिवून टाकावं. बाकड्याच्या पाठीवर किंवा कठड्यावर ती पिशवी ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवला की दहा सेकंद तो हलत नाही. स्टेशनवर ट्रायपॉड उभा करायचाच असेल तर आधी स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात विचारावं. चित्रीकरणाच्या परवानग्या रेल्वेचा जनसंपर्क विभाग देतो. गर्दीच्या वेळी तर परवानगी असली तरी लावू नये. तीन पाय पसरलेला ट्रायपॉड म्हणजे धावत गाडी पकडणाऱ्याच्या वाटेत घातलेला पाय. पिवळ्या पट्टीच्या मागे राहायचं, मोटरमनच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही आणि रुळांत उतरायचं नाही. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण खरं कारण ते नाही. फास्ट गाडी अंगावर येईपर्यंत ऐकू येत नाही, आणि लेन्समधून बघणाऱ्याला तर नाहीच. वर तारेत २५ हजार व्होल्ट असतात, त्यामुळे पुलावरून काठीला कॅमेरा बांधून बाहेर काढणं हेही त्याच यादीतलं.

चर्नी रोड ते मरीन लाइन्स हा पश्चिम रेल्वेचा छोटासा तुकडा मला या कामासाठी फार मोलाचा वाटतो. एका बाजूला रूळ, मध्ये जिमखान्यांची मैदानं आणि रस्ता, पलीकडे समुद्र. संध्याकाळी अर्ध्या तासात दोन्ही कामं होतात आणि एकाच बॅगेतली सेकंदांची दोन वेगळी गणितं हाताखालून जातात. गाडीचं गणित वेळापत्रकावर चालतं. समुद्राचं तिथीवर.

कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक आहेच, पण फोटोच्या दृष्टीने या ठोकताळ्यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला पूर्ण भरती असेल तर तिथी अष्टमीच्या जवळपासची, म्हणजे ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. आणि सूर्यास्ताला पूर्ण ओहोटी असेल तर ती पौर्णिमा-अमावास्येची, उधाणाची, म्हणजे पाणी खूप आत गेलेलं. वांद्र्याच्या बँडस्टँडचे काळे खडक उघडे हवेत, त्यांच्यातल्या डबक्यांत आकाश हवं, तर पौर्णिमेची किंवा अमावास्येची संध्याकाळ. खडकावर आपटून उडणारं पाणी हवं तर पंचमी-षष्ठी, जेव्हा भरती साडेचारच्या आगेमागे होऊन गेलेली असते आणि सूर्य मावळताना पाणी मागे सरत असतं. पंचांग बॅगेत ठेवायला जड नाही.

उधाणाच्या ओहोटीत खडकांवर आत गेलेल्याने घड्याळ बघत राहावं. पाणी सारख्या वेगाने परत येत नाही. पहिल्या तासात जेमतेम येतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एकूण चढाच्या पाव भाग येतं. चढ चार मीटरचा असेल तर एका तासात मीटरभर पाणी, आणि ते समोरून येत नाही, मागच्या सखल घळीतून येतं. शेवाळ हिरवं दिसतं तिथे पाय सरकतोच. काळं, गुळगुळीत, ओलं दिसतं तिथे त्याहून जास्त सरकतो. पावसाळ्यात उधाण आणि वारा एकत्र आले की मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरण्याचा विचारही करू नये.

लाटेला किती सेकंद द्यायचे? आधी घड्याळ लावून दहा लाटा मोजाव्यात. एक लाट दहाएक सेकंदांनी येत असेल तर तीस सेकंदांत तीन लाटा एकमेकींवर चढतात आणि त्यांचा आकार संपतो, उरतं ते धुकं. पाण्याचा आकार हवा असेल तर लाट परत फिरताना, फेस खडकाच्या दोन्ही बाजूंनी ओघळायला लागल्यावर शटर उघडावं आणि अर्धा ते एक सेकंद द्यावा. तेव्हा फेसाचे धागे निघतात, विंचरलेल्या केसांसारखे, आणि पाणी कुठून कुठे गेलं हे त्यात वाचता येतं. लाट येताना हेच केलं तर नुसता पांढरा ढीग पडतो. चार मिनिटं दिली की समुद्र दुधाची साय होतो. ही साय खूप लोकांना आवडते. मला ती वरळीच्या सी लिंकच्या खांबांखाली चालते, कारण तिथे सरळ रेषांना शांत तळ हवा असतो, पण हरिहरेश्वरच्या कातळावर चालत नाही. तिथे पाण्यानेच खडकाला जाळ्या पाडल्या आहेत, आणि पाण्याचं ते काम दिसायला हवं.

नांगरलेल्या होड्यांचा मोह टाळावा. उभ्या पाण्यातही होडी डुलते आणि तीस सेकंदांत तिला दोन नाळी, चार डोलकाठ्या फुटतात. त्याच होड्या ओहोटीत चिखलात बसल्या की दगडासारख्या स्थिर, आणि खाडीतलं उरलेलं पाणी त्यांच्याभोवती काचेसारखं. अंधार पडण्याआधीची ती पंधरा-वीस मिनिटं फार कामाची.

उजेडाचे आकडे सांगायचे तर सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात आयएसओ १००, एफ/८ ला कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पाव सेकंदाच्या आसपास सांगतो. सहा स्टॉपचा फिल्टर लावला की चौसष्टपट, सोळा सेकंद. दहा स्टॉपचा लावला की १०२४ पट, सव्वाचार मिनिटं. पण मुंबईच्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, आणि त्या सव्वाचार मिनिटांत उजेड निम्म्याहून खाली येऊ शकतो. म्हणून सुरुवातीच्या मीटरवर विसंबू नये, सहा-सात मिनिटं द्यावीत. फिल्मवर काम करणाऱ्याला हे दुप्पट लागू. इलफर्ड कंपनीची एचपी५ ही फिल्म जास्त वेळाला मंदावते. मीटर तीस सेकंद सांगत असेल तर प्रत्यक्षात दीड मिनिटाच्या जवळ द्यावे लागतात.

दहा स्टॉपचा फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. त्यामुळे क्रम मोडू नये: चौकट बांधायची, फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा, मग फिल्टर. पेचाचा फिल्टर आवळताना फोकसची कडी फिरते, म्हणून तिच्यावर कागदी टेपचा तुकडा आधी चिकटवावा. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावायच्या मागच्या भिंगातून उजेड शिरतो आणि फोटोच्या मध्यावर जांभळा-गुलाबी डाग पडतो. तिथे काळी टेप. चौकोनी फिल्टर होल्डरमध्ये सैल बसला तर पाठीमागून उजेड शिरून एक फिकट पट्टा येतो, तेव्हा काळं सुती कापड गुंडाळावं. स्वस्त फिल्टरमध्ये सगळ्यावर तपकिरी झाक येते. दृश्य उजेड अडतो पण अवरक्त किरण अडत नाहीत, म्हणून असं होतं. ती झाक नंतर कॉम्प्युटरवर पूर्ण जात नाही. फिरवून गडद होणारा फिल्टर वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली काढतो.

समुद्राच्या वाऱ्यात फिल्टरवर दर दोन मिनिटांनी मिठाचे बारीक थेंब बसतात. कोरडं कापड फिरवलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. कापड गोड्या पाण्याने ओलं करून टेकवावं, मग कोरड्या कापडाने. ट्रायपॉड वाळूत नुसता ठेवू नये. दाबून रुतवावा, एक लाट पायांवरून जाऊ द्यावी, पायांखालची वाळू खचते तेवढी खचू द्यावी, पुन्हा दाबावा, आणि मगच शटर. घरी आल्यावर पायांच्या सगळ्या कड्या उघडून नळाखाली धुवाव्यात. धुतला नाही तर महिन्याभरात अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते आणि कडी फिरेनाशी होते.

शेवटचं नॉइज रिडक्शनबद्दल. कॅमेऱ्यात ते चालू असेल तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद शटर बंद ठेवून काळी प्लेट घेतो आणि लाल-निळे ठिपके त्यातून वजा करतो. समुद्रावर हरकत नाही. फलाटावर त्या तीस सेकंदांत पुढची गाडी येऊन उभी राहते. म्हणून स्टेशनवर ते बंद ठेवावं, आणि काम आटोपल्यावर, सेन्सर अजून गरम असतानाच, लेन्सवर झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांची एक काळी प्लेट स्वतः घ्यावी. कॅमेरा बाकड्यावर ठेवला तरी चालतो. तीस सेकंद, मग बॅगेत.